गल्ल्यावरचा माणूस हसला की उठायचं

जयनगरातली ती वरच्या मजल्यावरची खोली मला कशी मिळाली हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही. बाकीच्या घरमालकांनी मला नोकरी विचारली, लग्न विचारलं, मांसमच्छी विचारली, रात्री परत कधी येणार तेही विचारलं. या गृहस्थांनी वेताच्या खुर्चीतून वर बघितलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "इडली सांबारात बुडवून खाता, की वेगळी?"

प्रवासानं माझा जीव मेटाकुटीला आला होता. मी खरं ते बोलून टाकलं. "वेगळी. बुडवली की इडलीचं स्वतःचं असं काही राहत नाही."

"अगं ए, किल्ली आण!" त्यांनी आत हाक दिली. "पोरगी विचार करते!"

भाडं किती ते जिना चढता चढता, जाता जाता सांगावं तसं सांगून झालं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला अक्का. दारावरच्या पाटीवरचं नाव उन्हानं पुसून गेलं होतं आणि ते परत रंगवायची कुणाला गरज वाटली नव्हती. अण्णा कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. कुठल्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्यांच्या नोकरीच्या सगळ्या गोष्टी कँटीनमध्ये सुरू होऊन कँटीनमध्येच संपायच्या.

घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत दर चार शब्दांमागे एक कन्नड शब्द आरामात मांडी घालून बसलेला असे. "स्वल्प थांबा", "सरी, निघू या", म्हणजे बरं, निघू या, असं. तुमचे पूर्वज इथं कसे आले, असं मी एकदा विचारलं.

"घोड्यावरून. फौजेबरोबर."

"मग परत का गेले नाहीत?"

"फौज परत निघाली तेव्हा आमच्या पूर्वजाचं जेवण व्हायचं होतं," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "मागनं येतो म्हणाला. अजून उठला नाही."

बंगळुरात जिन्यात, लिफ्टमध्ये, कुठंही कुणी भेटलं की विचारतं, "ऊट झालं?" म्हणजे जेवलात का. नमस्कारासारखं विचारायचं आणि पुढं जायचं. उत्तरासाठी कुणी थांबत नाही. अण्णा थांबायचे. झालं म्हटलं की "कुठं?" मग "काय?" मग "चटणी कशी होती?" आणि मी एखाद्या नव्या चकचकीत ठिकाणाचं नाव घेतलं की जिन्याच्या कठड्याला धरून डोळे मिटायचे, जणू मी कुणी नातेवाईक वारल्याचं कळवलं होतं.

"गल्ल्यावर कोण होता?"

"एक मुलगा होता. चांगला होता. हसून बोलला."

"हसला?" डोळे उघडायचे. "हसला तेव्हाच उठायचं की हो! बसलात कशाला?"

हा त्यांचा सिद्धांत होता. परक्या गावात कुठं खावं, या प्रश्नाचं जगातलं एकमेव खात्रीचं उत्तर आपल्याजवळ आहे अशी त्यांची श्रद्धा होती, आणि ते उत्तर असं की गल्ल्यावरचा माणूस बघावा. तो हसत असेल तर त्याला गिऱ्हाईक हवंय. गिऱ्हाईक हवंय म्हणजे गिऱ्हाईक कमी आहे. कमी का आहे, हे खाऊन बघायची काही आवश्यकता नाही. पण तो तुसडा असेल, तुम्ही आलात याचा त्याला मनापासून त्रास होत असेल, तर डोळे मिटून आत शिरा. आत चांगलं शिजतंय.

माझ्याकडे पाहुणे यायचे. पुण्याचे, नाशिकचे, सगळे फोनवर यादी करून आलेले. त्यांना शहर दाखवायला न्यायचं काम अण्णांनी मला न विचारता स्वतःकडे घेतलं होतं. जुन्या किल्ल्याच्या दारात पाहुण्यांना उभं करून ते सांगायचे, "हा किल्ला. दगडाचा आहे, कुठं जाणार नाही. समोरच्या गल्लीतला मद्दूर वडा मात्र संपतो. चला." लालबागेतल्या खडकावर चढवायचे आणि वरून हात फिरवून शहर समजावून सांगायचे, "ती हिरवी टाकी दिसली? तिच्या डावीकडं केसरीभात. ते देऊळ दिसतं? त्याच्या मागं खारा पोंगल. आणि हा बुरूज." इथं ते जरा थांबायचे. "बुरूज जुना आहे. त्याच्या बाजूला काही मिळत नाही." नाशिकच्या माझ्या एका मावसभावाला राजवाडा बघायचाच होता. अण्णा म्हणाले, सरी, बघू. त्या दिवशी त्यांनी राजवाडा बाहेरून, चालत्या रिक्षातून दाखवला. मावसभाऊ आजही सांगतो की बंगळूर फार सुंदर शहर आहे, पण काय बघितलं ते आठवत नाही.

पण हे सगळं उरलेल्या दिवसाचं. सकाळ राखीव होती.

सकाळी अण्णा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, केसांना पाणी लावून बाहेर पडायचे, ते आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडच्या एका जुन्या टिफिनच्या हॉटेलात. बाहेरच्या भिंतीला लागून रांग. आत संगमरवरी टेबलं, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ ("चालू करून काय करायचं? इथं वेळ बघायला कोण येतं?"), आणि गल्ल्यावर मालक.

मालकांचं वर्णन मी काय करू! कपाळावर गंध, त्याखाली आठ्या आणि आठ्यांखाली तुम्ही. ते कधीच कुणाला वाईट बोलले नाहीत, कारण कन्नडात अपमानालासुद्धा आदराचा 'री' लागतो. एकदा एका बाईंनी इडली ताजी आहे का विचारलं. "नाही री. तुमच्या आजोबांसाठी केली होती, ते आले नाहीत." एकानं डोशाला चमचा मागितला. "हात घरी विसरलात का री?" एक बडा अधिकारी मागं शिपाई घेऊन आला आणि सरळ आत शिरू लागला. मालकांनी पंख्याकडे बघत म्हटलं, "भूक सगळ्यांना सारखीच लागते री. रांग तिकडं आहे." अधिकारी रांगेत गेला. शिपाई त्याच्या पुढं होता.

आणि कॉफीचा शेवटचा घोट घशाखाली उतरला रे उतरला की गल्ल्यावरून गर्जना यायची, "काफी आयतल्वा? एद्देळ्री!" कॉफी झाली ना? उठा! माणसं उभी आहेत! दगडावर दगड आपटावा तसा आवाज. ही हाक ऐकायला अण्णा रोज मुद्दाम रिकामा पेला हातात धरून बसायचे. हाक आली की उठायचे, सदरा खाली ओढायचे आणि चेहऱ्यावर असं समाधान घेऊन बाहेर पडायचे, की जणू काकड आरती करून आलेत.

तर अशी सगळी सुखाची घडी बसलेली असताना मालकांचे गुडघे गेले.

ते येलहंक्याला मुलीकडं राहायला गेले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा आला. हॉटेल चालवायचं शिक्षण घेऊन आलेला, गोरापान, फिकट निळा शर्ट. पहिल्याच दिवशी अण्णा आत शिरले तर हा उठून उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि हसला. दात दिसतील असा.

"गुड मॉर्निंग अंकल! वेलकम!"

अण्णा दारातच थांबले. मागच्या माणसानं ढकललं म्हणून आत गेले. कॉफी संपली. पेला हातात धरून बसले. हाक येईना. बराच वेळ गेला. अखेर मुलगा स्वतः टेबलापाशी आला, कमरेत वाकला. "अंकल, अजून काही आणू? आरामात बसा. घाई नाही."

"घाई नाही म्हणाला," अण्णांनी मला जिन्यात सांगितलं, आणि त्यांचा आवाज फाटला. "बाहेर माणसं उभी, आणि मला म्हणाला घाई नाही."

पुढं तर टेबलाटेबलावर एक चपटं यंत्र आलं, त्यावर पाच गोल तोंडं. रडकं, नाराज, मधलं, हसरं आणि अतिशय हसरं. खाऊन झालं की एक दाबायचं. अण्णांनी पाचही नीट बघितली. "यात तुसडं नाही," म्हणाले आणि न दाबता आले.

मी म्हटलं, "अण्णा, इडली तीच आहे ना? आचारी तोच, सांबार तेच."

"आज तेच आहे. हसणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आज एक जण म्हणेल चटणी स्वल्प गोड करा, हा म्हणेल सरी. उद्या दुसरा म्हणेल इडलीत मका घाला. हा म्हणेल सरी. बघा तुम्ही."

आठवड्याच्या आत फळ्यावर मक्याची इडली आली. अण्णांनी तिथं जाणं सोडलं.

आता खरी आपत्ती सुरू झाली. ती अक्कांवर कोसळली.

अक्का बोलायला कमी. लग्न झाल्यापासून त्यांची प्रत्येक सकाळ त्यांची एकटीची होती. नवरा हॉटेलात गेला की त्या रेडिओ लावायच्या, कालच्या भातावर दही घालून घ्यायच्या आणि अण्णांच्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन खायच्या. हे मला माहीत होतं, कारण वरून जिना उतरताना खिडकीतून ते पाय दिसायचे. किती निवांत पाय होते ते!

आता त्या खुर्चीत सकाळपासून अण्णा. पांढरा सदरा, केसांना पाणी, सगळी तयारी तशीच, फक्त जायचं कुठं नाही. टेबलावर बोटं वाजवायचे. "एक प्लेट इडली! सपरेट!" स्वयंपाकघरातून इडली आली की ती तळहातावर तोलायचे. एकदा तर म्हणाले, "स्वल्प रागावून वाढ बघू. सवय मोडलीय माझी."

अक्कांनी ताट असं आदळलं की चटणी छताकडं गेली. "गिळा!"

अण्णांनी मान हलवली. "यात राग आहे. तुसडेपणा नाही. राग माझ्यावर असतो, तुसडेपणा सगळ्यांवर असतो. फरक आहे."

अक्का त्या दुपारी जिना चढून माझ्याकडे आल्या. कधी न येणाऱ्या बाई. पायरीवरच बसल्या. "इतकी वर्षं मला फक्त दुपारचा आणि रात्रीचा नवरा माहीत होता," म्हणाल्या. "तो बरा होता की. सकाळचा आता कळला. नको गं मला. काहीतरी कर. माझी सकाळ परत दे."

मी काय करणार! अण्णांनीच प्रयत्न करून बघितले होते. सोडून देण्याआधी ते त्या मुलाला डिवचायला रोज नवं सोंग घ्यायचे. चार वेळा सांबार परत पाठवलं, मुलानं चारही वेळा "सॉरी अंकल" म्हटलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून कोडं सोडवत बसले, तर यानं पेन आणून दिलं. एकदा डोशाला चमचा मागितला. मनावर दगड ठेवून मागितला, हे त्यांनी मला शपथेवर सांगितलं. मुलानं चमचा, काटा आणि सुरी आणली, कागदाच्या रुमालात गुंडाळून.

शेवटचा उपाय म्हणून ते मला घेऊन येलहंक्याला गेले, खुद्द मालकांकडं तक्रार करायला. रिक्षात सारखे म्हणत होते, "आता बघा. दार उघडल्याबरोबर विचारतील, कशाला आलात री?"

दार उघडलं. मालक गालिचावर बसून नातीच्या बाहुलीची वेणी घालत होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला. "अय्यो, अण्णा! एवढ्या लांबून! या या, बसा. आधी ऊट. काही ऐकणार नाही." आणि स्वतः, त्या गुडघ्यांनी, उठून पानं मांडली. अण्णांचं पान संपत आलं की म्हणायचे, "अजून स्वल्प घ्या ना. माझ्यासाठी." अण्णा शिक्षा भोगावी तसे घेत होते. मी हसू दाबायला पाणी पीत राहिले.

निघताना अण्णांनी सगळा धीर एकवटून विचारलं. "मालक, तुम्ही आम्हाला ओरडायचात. आता ओरडत नाही."

मालकांना नवल वाटलं. "ओरडायचो? होय की. काळजी असायची हो. पहाटेपासून एकच धास्ती, सांबार बिघडलं तर? माणसं बसली होती तशी बसली तर? काळजीनं आवाज चढायचा. आता कसली काळजी?" त्यांनी बाहुली उचलली. "मुलगा हसतो म्हणता ना? चांगलंय. त्याला अजून धास्ती बसायची आहे."

 परतीच्या वाटेवर रिक्षावाल्यानं विचारलं, ऊट झालं का सर? अण्णा नुसतं "झालं" म्हणाले, चटणीचं नाव काढलं नाही.

आणि मग, प्रेक्षकहो, रंगमंचावर माझी आत्या आली.

आत्या कोल्हापूरची. उंच, खणखणीत, नऊवारीवर स्पोर्ट्‌स शूज घालणारी. भाचीचं शहर बघायला म्हणून आली, यशवंतपूर स्टेशनवर उतरली आणि बॅग माझ्या हातात देताना म्हणाली, "जपून. चटणी हाय." तिच्या सगळ्या सामानात निम्मी जागा कांदा-लसूण चटणीच्या पुड्यांनी घेतली होती, आणि एक पुडी कायम कमरेच्या पिशवीत. बाहेरचं काहीही खायला समोर आलं की आत्या ती पुडी काढून वरून पेरायची. दोन दिवसांत तिनं उपम्यावर पेरली, दहीभातावर पेरली, आणि एकदा कॉफीकडं विचार करत बघितलं.

अण्णा आणि आत्या यांचं पहिल्या भेटीतच फाटलं.

"सांबार गोड का करतासा हो तुम्ही लोक?"

"ते गोड नाही, बाई. त्यात चव आहे."

"चव आमच्याकडं पण असत्या. घाम येतो."

पाहुणी ती पाहुणी, तिला कुठं खायला न्यायचं हा अण्णांच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि त्यांच्याजवळ आता न्यायला जागा नव्हती. इथं तिथं नेलं, घोड्यावरच्या पूर्वजाची गोष्ट सांगितली, पण मन लागेना. शेवटी अक्का बोलल्या. "जुन्याच ठिकाणी नेऊ या. मीही येते. माझा नवरा रोज सकाळी कुठं सांभाळला जायचा, ते तरी बघू दे." अण्णा नाही नाही म्हणाले, पण अक्का चप्पल घालून दारात उभ्या होत्या.

असे आम्ही चौघं रांगेत. आमचा नंबर लागला. मुलगा गल्ल्यावरून उठला, हात जोडले, हसला. "अंकल! किती दिवसांनी! वेलकम!" अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं. आम्हाला आतल्या बाजूचं, स्वयंपाकघराच्या अर्ध्या दाराजवळचं टेबल मिळालं. इडली आली, वडा आला, वाटीत सांबार आलं. आत्यानं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"हे जेवणाच्या आधी पितात की नंतर?"

तेवढ्यात मुलगा आलाच, वाकून. "आंटीजी, सब कैसा है?"

"बेटा, इडली झक्कास हाय. पण सांबार गोड हाय."

आता हसऱ्या माणसांना एक वाक्य पाठ असतं, ते त्यानं म्हटलं. "आंटीजी, आप ही बताइए, हम और अच्छा कैसे करें?"

बंगळुरात हे वाक्य बोलल्यावर समोरचा माणूस म्हणतो, नाही नाही, सगळं छान आहे. मुंबईत म्हणतात, बघू. कोल्हापुरात असं विचारलं की माणूस उठतो.

आत्या उठली.

"चल, दाखवती," म्हणाली आणि अर्धं दार ढकलून थेट आत. मुलगा हसतच मागं धावला, "आंटीजी, उधर नहीं, किचन है..." "किचनमधीच असतंय सांबार, बाळा." आम्ही तिघं टेबलावरून वाकून बघतोय. आत भला मोठा पितळी हंडा, सकाळच्या सगळ्या गर्दीचं सांबार रटरटतंय, आचारी ओगराळं हातात घेऊन उभा. आत्यानं कमरेची पिशवी सोडली. पुडी काढली. ज्या स्वयंपाकघरात आजवर लसणाची पाकळी गेली नव्हती, तिथं हंड्यावर हात धरून तिनं पुडीचं टोक दातांनी फाडलं. आचाऱ्याचं ओगराळं हवेतच राहिलं. अण्णांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मी ओरडले.

आणि मुलाचं हसू गेलं. ते चेहऱ्यावरून निघून जाताना मी पाहिलं, आधी डोळ्यांतून, मग गालांवरून. कपाळावर एक आठी आली. तिच्याखाली दुसरी.

"एऽऽऽ! निल्ल्री! थांबा!"

दगडावर दगड.  कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ, जुने गिऱ्हाईक, अर्धी इडली हातात घेऊन सवयीनं उठून उभे राहिले.

"सांबाराला हात लावायचा नाही री! पहाटेपासून उकळतंय ते! गोड वाटतंय तर घरी जाऊन तिखट खा! बाहेर! होरगे होगी!" आत्याला हातानं वाट दाखवत तो बाहेर आला, पण बांध फुटला तो फुटलाच. खिडकीजवळचा एक जण फोनवर डोशाचे फोटो काढत होता. "फोटो काय काढता री, गार होतोय, खा!" एका बाईनं ते तोंडांचं यंत्र पुढं केलं. "ते ठेवा खाली! बोटं तेलकट आहेत तुमची!" मग तो वळला आणि आमच्या टेबलाशी आला. अण्णांच्या हातात रिकामा पेला होता. कॉफी कधी प्यायले देव जाणे.

"आणि तुम्ही! काफी आयतल्वा? एद्देळ्री! माणसं उभी आहेत!"

अण्णा उठले. सदरा खाली ओढला. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. तसेच, वऱ्हाडाबरोबर चालावं तसे संथ पावलं टाकत बाहेर गेले.

आत्या पुडीचं तोंड मुडपत फुटपाथवर आली. मला वाटलं आता कोल्हापूर पेटणार. पण तिचा चेहरा खुललेला. "आता कसं! पोरात दम हाय! मघापासनं नुसता हसत होता, मला वाटलं आजारी हाय." मग अण्णांकडं बघून म्हणाली, "ह्यांच्या त्या जेवत बसलेल्या पूर्वजाला असा एक भेटला असता, तर हे आज आमच्या गावात असते."

दाराशी गडबड झाली. मुलगा बाहेर आला. आठ्या विरघळल्या होत्या, चेहरा पांढरा पडला होता. बिचाऱ्यानं आपण काय केलं ते आत्ता ओळखलं होतं. "अंकल, आंटीजी, सो सॉरी. मला काय झालं माहीत नाही. या ना आत, बसा, आजचं सगळं माझ्याकडून..." आणि ओठांचे कोपरे वर जायला लागले.

"नको!" अण्णा किंचाळले. "बेडा! हसू नको!"

मुलगा गोंधळून बघत राहिला. तेव्हा अक्का पुढं झाल्या. त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि हळू, स्वच्छ कन्नडात म्हणाल्या, "बाळा, हे उद्या सकाळी येतील. परवाही येतील. आले की ओरड. कॉफी संपली की हाकल, पण लवकर हाकलू नको. माझा दहीभात खाऊन होईपर्यंत ठेवून घे."

मुलानं अण्णांकडं बघितलं. मग आत, जिथं त्याच्याशिवाय आचारी एकटा हंड्यापाशी होता. मग मागं, जिथं आम्ही दार अडवल्यामुळं रांग खोळंबून माना उंचावत होती. त्याच्या कपाळावर ती आठी पुन्हा उमटू लागली. या खेपेस कुणी ती आणवली नव्हती.

"दारातून बाजूला व्हा री," तो म्हणाला. "सांबार आटतंय."

"सरी," अण्णा म्हणाले.

त्यांना घरी नेण्यासाठी मी रिक्षा बघू लागले. वळून बघते तर अण्णा नाहीत. ते भिंतीच्या कडेनं चालत जाऊन रांगेच्या अगदी शेवटी उभे राहिले होते, पुन्हा. त्यांच्या पुढं पाठीवर पिशवी घेतलेला एक परगावचा मुलगा फोनवर बोट फिरवत, आत बघत, थांबावं की जावं अशा विचारात होता. त्यानं वळून हिंदीत विचारलं, अंकल, इथं चांगलं मिळतं का?

अण्णांनी सदरा खाली ओढला. छाती पुढं काढली.

"मला विचारता?" ते म्हणाले. "आत्ताच हाकललंय मला."